दहा मण्यांची शेपटी

१७३६ साली लंडनमधला एक शल्यविशारद, जॉन बेल्शियर, कापडावर छापकाम करणाऱ्या एका गृहस्थाकडे जेवायला गेला होता. पानात डुकराचं मांस वाढलेलं. मांस नेहमीसारखंच दिसत होतं, पण त्यातलं हाड लाल होतं. बेल्शियर गाइज हॉस्पिटलात काम करायचा. हाडं त्यानं भरपूर पाहिली होती, असं मात्र एकही नाही. चौकशी केल्यावर उलगडा झाला. छापलेल्या सुती कापडावरचा फाजील लाल रंग काढण्यासाठी ते कापड कोंड्यात उकळायचे आणि तो कोंडा नंतर डुकरांपुढे ठेवायचे. रंग होता मॅडर नावाच्या वनस्पतीच्या मुळांचा. आयुर्वेदातल्या आपल्या मंजिष्ठेची ही युरोपातली जवळची नातलग.

डुकराच्या पोटातून रंग रक्तात गेला, रक्ताबरोबर अंगभर फिरला. यकृतातून गेला, स्नायूंतून गेला, कातडीखालून गेला. मुक्कामाला थांबला तो फक्त हाडात. बेल्शियरनं मग एका कोंबड्याला मुद्दाम ही मुळी खाऊ घातली. त्याचीही हाडं रंगली. पुढे फ्रान्समध्ये दुहामेल या शास्त्रज्ञानं आणखी एक पाऊल टाकलं. काही दिवस मुळी घालायची, काही दिवस बंद करायची, पुन्हा घालायची. मग हाड आडवं कापलं तर आत लाल आणि पांढरे थर एकाआड एक. म्हणजे ज्या दिवसांत रंग रक्तात होता, त्या दिवसांत नव्यानं घडलेलं हाडच तेवढं रंगलं होतं.

या प्रकरणात ज्या औषधाची गोष्ट सांगायची आहे, तिची सुरुवात मला या जेवणाच्या पानात दिसते. रक्तात सोडलेला पदार्थ सगळं शरीर ओलांडून नेमका हाडाशी जाऊन कसा थांबतो, हा प्रश्न त्या लाल हाडानं विचारला. त्याचं उत्तर औषधात उतरायला पावणेतीनशे वर्षं लागली.

उत्तराचा पहिला भाग स्वयंपाकघरात बघता येतो. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत भाची आली होती तेव्हा आम्ही दोघांनी कोंबडीच्या तंगडीचं एक हाड स्वच्छ करून व्हिनेगरच्या बरणीत टाकलं. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदललं. आठवड्यानंतर बाहेर काढलं तर दिसायला हाड तसंच, आकार तोच, पण हातात घेतल्यावर ते रबरासारखं वाकलं. भाचीनं ते दोन्ही टोकांनी धरून धनुष्यासारखं वाकवलं आणि सोडलं. हाड पुन्हा सरळ झालं. व्हिनेगरमधल्या आम्लानं त्यातलं खनिज विरघळवून नेलं होतं. मागे उरलेला लवचीक भाग म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन.

गेलेलं खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या जातीचं, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं. कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये त्याच्या अतिशय पातळ चकत्या रचलेल्या असतात, इतक्या पातळ की त्यांची जाडी नॅनोमीटरांत मोजावी लागते. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम या खनिजात आणि दातांत असतं; प्रौढ माणसात ते साधारण किलोभर भरतं. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं त्यांना असा थर ठाऊक असतो. गीझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडाशी, चहाच्या पातेल्याच्या तळाला पांढरे क्षार साचतात. ते कार्बोनेटचे, हाडातले फॉस्फेटचे, एवढा फरक आहे. पण खनिज उघडं असलं की त्याच्या पृष्ठभागावर धन विद्युतभाराचे कॅल्शियमचे कण ओळीनं मांडलेले असतात आणि ऋण भाराचं जे काही जवळून जाईल ते तिथे अडकू शकतं, हे दोन्हीकडे खरं आहे.

हाडं आणि दात सोडले तर निरोगी माणसाच्या बाकी कुठल्याही अवयवात असा उघडा खनिज पृष्ठभाग नसतो. हाडाची खूण हीच. मॅडरमधल्या अ‍ॅलिझरिन या रंगद्रव्याला कॅल्शियम धरता येतं, म्हणून डुकराची हाडं लाल झाली. टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकालाही ते जमतं, म्हणूनच लहान वयात ते दिलेल्या मुलांचे पुढे येणारे दात कायमचे पिवळट होत आणि आता ते लहानग्यांना सहसा देत नाहीत. कर्करोग हाडात पसरला आहे का हे पाहण्यासाठी जो बोन स्कॅन काढतात, त्यातही किरणोत्सारी टेक्नेशियम एका फॉस्फरसयुक्त रेणूला बांधून शिरेत सोडतात आणि तो रेणू त्याला हाडापर्यंत नेतो. ओढ सगळीकडे तीच, ऋणाची धनाकडे.

आता ज्या रोगासाठी ही ओढ कामी आली त्याकडे वळू.

यकृताची तपासणी करून घेतली की रिपोर्टात ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ अशी एक ओळ असते. आकडा वाढलेला असला तर डॉक्टर थांबून विचार करतात. कमी असला तर बहुतेक वेळा नजर पुढच्या ओळीवर जाते. हे विकर, म्हणजे एन्झाइम, रेणूंवरचा फॉस्फेटचा तुकडा कापून वेगळा करतं. गाईम्हशींच्या दुधातही ते असतं आणि नीट पाश्चरीकरण झालं की नष्ट होतं; म्हणून दूध पुरेसं तापवलं गेलं का, हे पाहायला डेअरीत फॉस्फेटेजची चाचणी करतात. आपल्या शरीरात ते यकृतात, मूत्रपिंडात आणि हाडांत असतं. हाडात ते नेमकं करतं काय?

१९२३ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी याचा पहिला धागा पकडला. वाढत्या वयाच्या प्राण्यांच्या हाडांत हे विकर भरपूर असतं आणि हाडात खनिज बसण्याशी त्याचा संबंध असला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. विकर फॉस्फेट मोकळं करतं, त्या जागी फॉस्फेट दाटतं आणि कॅल्शियमबरोबर खाली बसतं, अशी त्यांची कल्पना होती. तर्क साधा आणि सुंदर होता. तो पुरता बरोबर नाही हे कळायला चाळीस वर्षं लागली, आणि त्याआधी एक बाळ दगावलं.

१९४८ मध्ये टोरांटोचे बालरोगतज्ज्ञ जॉन कॅम्पबेल रॅथबन यांनी त्या बाळाची हकीकत प्रसिद्ध केली. वजन वाढत नव्हतं, आकडी येत होती, क्ष-किरण चित्रात तीव्र मुडदुसासारखी हाडं. मुडदूस म्हटलं की ‘ड’ जीवनसत्त्व आठवतं, पण इथे कोडं वेगळं होतं. मुडदुसात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं. या बाळात ते विलक्षण कमी होतं, रक्तातही आणि मृत्यूनंतर तपासलेल्या ऊतींतही. रॅथबननी या रोगाला नाव दिलं : हायपोफॉस्फेटेशिया. शब्दशः अर्थ, फॉस्फेटेज कमी असणं.

हा रोग एकाच रूपात येत नाही. सर्वांत भयंकर रूपात गर्भातच हाडांत खनिज बसत नाही. क्ष-किरण चित्रात कवटीच्या जागी जवळजवळ काहीच दिसत नाही, मणके अधूनमधून गायब असतात, आणि बरगड्या इतक्या मऊ की छातीचा पिंजरा फुप्फुसांना पेलू शकत नाही. बाळ जन्मतं आणि त्याला श्वास घेता येत नाही. थोड्या सौम्य रूपात पहिल्या सहा महिन्यांत दूध पिणं कमी होतं, वाढ थांबते, हाडं वाकतात. आणखी सौम्य रूप कधीकधी फक्त दातांच्या डॉक्टरच्या ध्यानात येतं. एरवी दुधाचा दात पडायच्या वेळी त्याचं मूळ आतल्या आत विरून गेलेलं असतं, म्हणून पडलेला दात बुटका दिसतो. या मुलांचा दात पाच वर्षांच्या आधीच, न दुखता, रक्ताचा फारसा थेंबही न येता, आख्ख्या लांब मुळासकट हातात येतो. कारण दाताला जबड्यात धरून ठेवणारं सिमेंट, म्हणजे मुळावरचा खनिजाचा लेप, नीट तयारच झालेला नसतो. लवकर पडलेला दात कौलांवर फेकण्याआधी आईवडिलांनी त्याचं मूळ एकदा बघावं, असं मला मनापासून वाटतं. बहुतेकदा कारण दुसरंच निघेल. पण एखाद्या घरात त्या एका दातामुळे निदान काही वर्षं आधी होईल.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात मेनोनाइट पंथाच्या लोकांची जुनी वस्ती आहे. लग्नं आपसात होत आलेली. तिथे साधारण २५ माणसांमागे एक जण या रोगाचं बिघडलेलं जनुक अंगात बाळगतो आणि सुमारे २५०० जन्मांमागे एक बाळ सर्वांत तीव्र रूप घेऊन येतं. १९९३ मध्ये त्यांच्यातला बिघाड नेमका सापडला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली माळ. या विकराच्या माळेत एका ठिकाणी ग्लायसिन हा मणी असायला हवा, तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं होतं. एवढंच. या अ‍ॅस्पार्टिक आम्लाचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

विकर नाही म्हणून फॉस्फेट कमी पडतं, असं रॉबिसनच्या तर्काप्रमाणे व्हायला हवं होतं. पण या मुलांच्या रक्तात फॉस्फेट पुरेसं असतं, कॅल्शियमही असतं. कच्चा माल हजर आणि बांधकाम बंद. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश यांनी दाखवलं की आपल्या लघवीत आणि रक्तात पायरोफॉस्फेट नावाचा एक छोटा रेणू असतो, दोन फॉस्फेट एकमेकांना जोडलेले. तो खनिजाच्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखतो. बाकी शरीर दगडासारखं होऊ नये म्हणून निसर्गानं ठेवलेला हा पहारेकरी. १९६५ मध्ये ग्रॅहम रसेल यांनी हायपोफॉस्फेटेशियाच्या रुग्णांची लघवी तपासली, तर तिच्यात पायरोफॉस्फेट वाढलेलं. आता चित्र स्पष्ट झालं. हाडातल्या या विकराचं मोठं काम म्हणजे पायरोफॉस्फेट फोडणं, त्या जागेपुरता पहारा उठवणं. विकर नसेल तर पहारेकरी हटत नाही आणि खनिज बसत नाही.

फ्लाइश यांच्या शोधाची दुसरी फांदी सगळ्या जगाला माहीत आहे. नळांत क्षार साचू नयेत म्हणून उद्योगात फॉस्फेटच्या अशा जोड्या पाण्यात घालायची पद्धत होती. त्याच रेणूतला मधला ऑक्सिजन काढून कार्बन घातला तर शरीरातल्या विकराला तो फोडता येत नाही. अशी बिसफॉस्फोनेट औषधं तयार झाली. पाळी गेलेल्या लाखो बायका हाडांच्या ठिसूळपणासाठी आज त्यांच्या गोळ्या घेतात. ती हाडाला घट्ट धरतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतात. पण हायपोफॉस्फेटेशियाच्या रुग्णाला तीच गोळी दिली तर आधीच साचलेल्या पहारेकऱ्यांत आणखी एकाची भर पडते, आणि हा तर न फुटणारा. काही प्रौढ रुग्णांत निदान चुकून ही औषधं दिली गेली आणि मांडीची हाडं विचित्र जागी मोडली. म्हणूनच रिपोर्टातली ती कमी आकड्याची ओळ वाचणं महत्त्वाचं आहे.

विकर कमी आहे, तर विकर द्या. एवढं तर कुणालाही सुचेल. अमेरिकेत सेंट लुइसमध्ये मायकल व्हाइट यांनी १९८० च्या दशकात तेच करून पाहिलं. पॅजेट्स डिसीज या हाडांच्या दुसऱ्या रोगात रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज प्रचंड वाढलेलं असतं. अशा रुग्णांच्या रक्तातला प्लाझ्मा त्यांनी आजारी बाळांना दिला. बाळांच्या रक्तातलं विकर वाढलं. हाडं मात्र भरवशानं सुधारली नाहीत. इतर काहींनी यकृतातून किंवा वारेतून काढलेलं शुद्ध विकर देऊन पाहिलं, तिथेही निराशाच. हे वाचताना मन गलबलतं. त्या बाळांच्या रक्तात हवं ते विकर वाहत होतं आणि हाडं तशीच मऊ होती. विकर रक्तात असून पुरत नाही, ते हाडाच्या अंगाशी जाऊन बसायला हवं, अशी धारणा यातून पक्की झाली. निरोगी शरीरात ते तसंच असतं; पेशीच्या पडद्याला नांगर टाकल्यासारखं बांधलेलं.

हाडापर्यंतची वाट हाडातल्याच प्रथिनांनी दाखवली. कोलॅजेनखेरीज हाडात थोडी वेगळी प्रथिनंही असतात. ऑस्टिओपॉन्टिन हे त्यांतलं एक. त्याच्या माळेत एका जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे मणी लागोपाठ येतात. बोन सायलोप्रोटीनमध्ये ग्लुटामिक आम्लाचे येतात. दोन्ही मण्यांवर ऋण भार. ही प्रथिनं खनिजाला धरून बसतात ती या रांगांच्या जोरावर. टोकियोचे शोहेई कासुगाई आणि सहकारी यांनी विचार केला की आख्खं प्रथिन कशाला, नुसती रांगच घेऊ. त्यांनी अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे सहा मणी ओवले, त्यांना चमकणारा एक रंग जोडला आणि प्राण्याला टोचला. चमक हाडांत उतरली. हे काम २००० साली प्रसिद्ध झालं.

एकच मणी असता तर काही झालं नसतं. अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा एक रेणू कॅल्शियमला क्षणभर धरतो आणि सुटतो. पण सहा एका दोरीत असले तर एक सुटेपर्यंत दुसऱ्यानं धरलेलं असतं. रानातून चालून आलं की धोतराला, सलवारीला आघाड्याचं बी चिकटतं, तसं. त्या बियाला टोकदार काटे अनेक असतात, म्हणून ते झटकून जात नाही.

बिसफॉस्फोनेटशी तुलना केली तर या पेप्टाइडचा, म्हणजे छोट्या माळेचा, एक मोठा गुण दिसतो. बिसफॉस्फोनेट हाडात शिरलं की वर्षानुवर्षं तिथे राहतं. पेप्टाइड मात्र अन्नातल्या प्रथिनासारखंच आहे. काम झालं की शरीर त्याचे मणी सुटे करतं आणि वापरून टाकतं. त्याला जे काही बांधाल ते हाडापर्यंत नेता येतं. कानाझावामधल्या संशोधकांनी इस्ट्रोजेनला अशी सहा मण्यांची शेपटी लावली आणि उंदरांत दाखवलं की हाडांना फायदा होतो, गर्भाशयावरचा नको तो परिणाम टळतो. दुर्गुण एकच, पण मोठा. पेप्टाइड गोळीतून घेता येत नाही. पोटात गेलं की पचून जातं. सुई आली.

आता हायपोफॉस्फेटेशियासाठी काय घडवलं ते सांगतो, कारण मला या संपूर्ण कथेतली सर्वांत देखणी कारागिरी इथे वाटते. कॅलिफोर्नियात होसे लुइस मियान या विकरावर अनेक वर्षं काम करत होते. माँट्रियलमध्ये एनोबिया फार्मा ही छोटी कंपनी होती, तिथे फिलिप क्रीन होते. विकराचा जो भाग पेशीच्या पडद्यात नांगरासारखा रुतलेला असतो, तो कापून टाकला, म्हणजे विकर मोकळेपणानं रक्तात फिरू शकेल. त्याला माणसाच्या प्रतिपिंडाचा एफसी हा तुकडा जोडला. आणि अगदी टोकाला दहा अ‍ॅस्पार्टिक आम्लं एकापाठोपाठ एक. कात्री तीच, मूठ नवी आणि मुठीला आघाड्याचे दहा काटे.

परीक्षा उंदरांवर झाली. या विकराचं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मतात तेव्हा साधे दिसतात. काही दिवसांत वाढ थांबते, आकडी येते, आणि आईचं दूध सुटण्याआधीच, विसेक दिवसांत, ते मरतात. आकडीचं कारणही याच विकरात आहे. ‘ब६’ जीवनसत्त्व रक्तात ज्या रूपात फिरतं त्याच्यावर फॉस्फेट असतं आणि तसं ते पेशीच्या आत जाऊ शकत नाही. विकरानं फॉस्फेट कापलं तरच मेंदूला ते मिळतं. म्हणून रॅथबनच्या बाळाला आकडी येत होती. २००८ मध्ये मियान, क्रीन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की जन्मापासून हे शेपटीचं विकर रोज टोचलेले उंदीर जगले, वाढले, त्यांना आकडी आली नाही, हाडं आणि दात यांत खनिज बसलं. रक्तातून निम्मं विकर जायला सुमारे ३४ तास लागत होते. हाडात ते ३०० तासांपर्यंत सापडत होतं.

त्याच वर्षाच्या सुमारास माणसांवरची चाचणी सुरू झाली. तीन वर्षांपर्यंतची ११ मुलं घेतली, सगळी जिवाच्या धोक्यात. आधी एकदा शिरेतून, मग आठवड्यातून तीनदा कातडीखाली. मायकल व्हाइट आणि सहकाऱ्यांचा अहवाल २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सहा महिन्यांत नऊ मुलांच्या हाडांत स्पष्ट सुधारणा होती. त्या अहवालातली क्ष-किरण चित्रं पाहण्यासारखी आहेत. आधीच्या चित्रात बरगड्या म्हणजे धुक्यातल्या रेघा, हातापायांच्या हाडांची टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी. नंतरच्या चित्रात पांढरी, भरीव हाडं, टोकांना नीट कड. वीसहून अधिक वर्षांपूर्वी प्लाझ्मा देऊन हात हलवत परतलेला माणूस तेच चित्र प्रकाशाच्या काचेवर लावून पाहत असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला आहे.

पुढे जास्त मुलांचा हिशेब झाला तेव्हा आकडे असे निघाले : औषध मिळालेल्या ३७ मुलांपैकी ९५ टक्के एक वर्षाची झाली, ८४ टक्के पाच वर्षांची. औषध येण्याआधीच्या अशाच ४८ मुलांत ही प्रमाणं ४२ आणि २७ टक्के होती. २०१५ च्या जुलैत जपाननं, ऑगस्टमध्ये युरोपनं आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं अस्फोटेज अल्फा या नावानं औषधाला मान्यता दिली. बाजारात त्याचं नाव स्ट्रेन्सिक.

एवढं झाल्यावर शेपटीचा जयजयकार करून थांबता आलं असतं. पण याच मियान यांच्या प्रयोगशाळेतून २०१५ मध्ये एक निबंध आला आणि त्यानं विचारात पाडलं. त्यांनी आतड्यातल्या आणि वारेतल्या अल्कलाइन फॉस्फेटेजचे भाग जोडून एक संकरित विकर तयार केलं. त्याला शेपटी नव्हती, हाडाकडे जायची काहीच सोय नव्हती. तरीही आजारी उंदरांना ते पुरेसं टोचलं तेव्हा हाडं आणि दात सुधारले. म्हणजे रक्तातच पायरोफॉस्फेट पुरतं कमी केलं तर हाडालाही त्याचा लाभ होतो. मग प्लाझ्मा का हरला? कदाचित विकर चुकीच्या ठिकाणी होतं म्हणून नव्हे, तर फार थोडं होतं आणि फार थोडा वेळ होतं म्हणून. यातून दहा मणी वाया गेले असं मी म्हणणार नाही. तीनशे तास हाडात टिकणं ही गोष्ट लहान नाही. पण शेपटीमुळे औषध पोचलं आणि शेपटीमुळेच ते लागू पडलं, ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं सिद्ध करणं जास्त कठीण आहे. ज्या माणसानं शेपटी लावली, त्याच्याच प्रयोगशाळेनं बिनशेपटीचं विकर तपासून पाहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

हाडाकडे जाण्याच्या या विद्येला आता वेगळी खोली येते आहे. हाडात एकाच वेळी दोन कामं चालतात. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही नवं बांधतात. दोन्ही जागांचं खनिज सारखं नसतं. झिजवण्याच्या जागी उघडं पडणारं खनिज जुनं, स्फटिक नीट जुळलेले; बांधकामाच्या जागी ते कोवळं, अजून विस्कळीत. अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या आठ मण्यांची रांग जुन्या खनिजाकडे ओढली जाते. पण एका अ‍ॅस्पार्टिक आम्लापुढे दोन सेरिन, असा त्रिकुटाचा पदर सहा वेळा गुंफला तर तो कोवळ्या खनिजावर बसतो. २०१२ मध्ये हाँगकाँगमधल्या संशोधकांनी या दुसऱ्या माळेच्या आधारानं आरएनएचे छोटे तुकडे हाड बांधणाऱ्या पेशींपर्यंत नेले आणि उंदरांत हाडाची घडण वाढवून दाखवली. हे वाचलं की दुहामेलचे लाल-पांढरे थर आठवतात. मॅडरचा रंगही बांधकाम चालू होतं तिथेच बसत होता. फक्त तेव्हा त्याला कुणी कामाला लावलं नव्हतं.

किमतीबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. अस्फोटेज अल्फाचा डोस वजनावर ठरतो. मूल वाढतं तसा डोस वाढतो आणि खर्चही. अमेरिकेत तो वर्षाला लाखो डॉलरच्या घरात जातो आणि गंभीर रूप असलेल्यांना औषध कायम घ्यावं लागतं. आपल्याकडे दुर्मीळ रोगांसाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे. धोरणातल्या रोगांसाठी मुंबईच्या केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांतून रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. एरवी ही रक्कम मोठी आहे. दर वर्षी, आयुष्यभर लागणाऱ्या अशा औषधापुढे ती काही महिन्यांत संपते. दहा अ‍ॅस्पार्टिक आम्लं ओवायला फार खर्च येत नाही. सजीव पेशींच्या टाक्यांत हे भलंमोठं प्रथिन वाढवणं, शुद्ध करणं आणि मूठभर रुग्णांवर चाचण्या करणं यांत पैसा जातो. कारण समजतं. म्हणून ते मान्य करावं असं मला वाटत नाही.

आणि सुई आहेच. डोस किलोमागे २ मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा, किंवा किलोमागे १ मिलिग्रॅम आठवड्यातून सहा वेळा. घरी बहुतेकदा आईच टोचते. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं तर ती जागा लाल होते, कातडी जाड होते, खालची चरबी विरून खड्डा पडतो. म्हणून जागा फिरवत राहायच्या : आज डावी मांडी, मग उजवी, मग पोट, मग दंड. कुठली जागा झाली ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, नाहीतर चार दिवसांत घोळ होतो. मधून डोळे आणि मूत्रपिंडं तपासायची, नको त्या ठिकाणी खनिज बसत नाही ना हे पाहायला. याच विकराची एक नवी आवृत्ती, एफ्झिमफोटेज अल्फा, पुढे चाचणीला उतरली, आणि तिच्यात दोन आठवड्यांतून एकदा टोचायचं असा बेत ठेवला. त्या आईच्या कॅलेंडरवर पंधरवड्यात सहा किंवा बारा खुणांच्या जागी एक.